राखणीवर उभी

आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला कुणी काडीची किंमत देत नाही. गणिताच्या सरांचा पोर्शन मागे राहिला की ते माझाच तास मागतात आणि वर हसून म्हणतात, "मॅडम, तुमचं काय, दोन डोंगर, एक नदी." मी तास देत नाही. माझ्या तासाला मुलं चित्र काढायच्या आधी चित्र पाहायला शिकतात, आणि ते काम मला गणिताहून हलकं वाटत नाही. एवढं ऐकलं की सर चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतात.

माझी पद्धत साधी आहे. नागपूरच्या प्रदर्शनांतून आणलेल्या छापील चित्रांची एक गुंडाळी माझ्याजवळ आहे. दर वेळी कुणीतरी एक मूल त्यातलं चित्र निवडून फळ्यावर लावतं. आधी सगळ्यांनी तोंड बंद ठेवून पाहायचं. मग एकेकानं फक्त दिसलं तेवढंच सांगायचं. 'छान' हा शब्द माझ्या वर्गात चालत नाही. एकाचं सांगून झालं की शेजारच्यानं विचारायचं, "आणखी काय दिसलं?" त्याला उत्तर द्यावंच लागतं. पोरं आधी वैतागतात, मग त्यांना त्याची चटक लागते.

गाव आरमोरीच्या पुढे, रानाला लागून. उन्हाळ्यात इथल्या बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं, म्हणून त्यांच्यातली एक जण कधीच वाकत नाही. बाकीच्या वेचतात आणि ती उभी राहून रानावर नजर ठेवते. बहुधा एखादी शाळकरी मुलगीच असते, नजर चांगली असलेली. त्या वर्षी सुट्टीत आमच्या नववीतल्या एका मुलीच्या आईला वाघानं नेलं. राखणीवर ती मुलगीच उभी होती.

शाळा उघडल्यावर ती आली ती खाली मान घालून. गावानं तिला तोंडावर काही म्हटलं नाही. पण ती पाणी भरायला गेली की बोअरवेलवरच्या बाया गप्प होत. तिच्या मामीनं तर मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "समोर उभी होती मॅडम, तरी दिसला नाई तिले. डोळे होते का गोट्या?" मला इतका राग आला की मी तिला तिथेच सोडून चालू लागले. वर्गात ती हजेरीपुरतं 'हजर' म्हणायची, बाकी काही नाही. माझ्या तासाला तिचा नंबर आला की ती नुसती मान हलवायची आणि मी पुढच्याकडे वळायचे. ही पोरगी अशीच मिटून जाईल आणि एक दिवस शाळेत यायचीच थांबेल, या भीतीनं मला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं.

मग चित्र निवडायची पाळी तिच्यावर आली. तिनं गुंडाळी उलगडली, बराच वेळ चाळली आणि एक चित्र ओढून काढलं. पिवळं ऊन, मागे काळपट रान, आणि झाडाखाली वाकून मोह वेचणाऱ्या बाया. 'दुसरं घे गं' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं टाचण्या हातात घेतल्या होत्या, आणि शाळा उघडल्यापासून तिनं स्वतःहून काही केल्याची ती पहिलीच वेळ होती. मी तिला ते लावू दिलं.

दुसऱ्या कुठल्या गावच्या मुलांनी ऊन पाहिलं असतं, लुगड्यांचे रंग पाहिले असते. आमच्या मुलांनी आधी उभी बाई शोधली. चित्रात ती नव्हतीच.

"मॅडम, चित्रच चुकलं आहे," मागच्या बाकावरून एक जण म्हणाला. "सगळ्याच वाकल्या. राखणीवर कोणीच नाई."

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं थोडा विचार केला. "जो चित्र काढून राह्यला, तो उभाच असन ना? त्याले सगळं दिसून राह्यलं."

वर्गाला हे पटलं. मलाही पटलं, मी शाबासकी देणारच होते.

"नाई." आवाज फळ्याजवळून आला. ती अजून तिथेच उभी होती. "त्याले रान नाई दिसून राह्यलं. त्याचं तोंड बायांकडे आहे." मग म्हणाली, "माझं बी मायकडेच होतं."

तिला जवळ घेऊन बसवावं म्हणून मी उठले, तेवढ्यात तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं, सवयीनं म्हणा की मायेनं, विचारलं, "आणखी काय दिसलं?"

आणि तिनं सांगितलं, आमच्या वर्गात सांगतात तसंच. मायच्या पाठीवर घामाचा डाग होता. पोलक्याची शिवण उसवली होती, त्यातून पांढरा दोरा लोंबत होता. डाव्या हातात टोपली होती, अर्धी भरलेली. उजव्या हातानं ती फूल उचलायची आणि फुंकर मारून त्याची माती उडवायची.

"मी तेच पाहून राह्यली होती, तिचं फुंकणं. मंग रानाकडे पाहिलं. मंग वापस वळली, तं टोपलीच होती."

मैत्रिणीनं पुन्हा विचारलं नाही. मी वर्गासमोर रडले, मला आवरलं नाही. तिनंच टाचण्या काढल्या, चित्र गुंडाळलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

त्या दिवसापासून ती मोकळी झाली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती थोडंफार बोलायला लागली, इतकंच. गावाचं मत काही बदललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली होती. स्कुटीवरून येताना रस्त्यालगतच्या मोहाखाली मला बाया दिसल्या. राखणीवर सातवीतली एक मुलगी होती. आई गेलेल्या आमच्या मुलीला आता कुणी राखणीवर उभं करत नव्हतं. ही बायांमध्ये वाकून, रानाकडे पाठ करून फुलं वेचत होती. ही दिसली म्हणून बरं वाटून मी हॉर्न वाजवला. राखणीवरची मुलगी माझ्याकडे वळली, हसली आणि मोठ्यानं म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅडम!"

"इकडे काऊन पाहून राह्यली?" वाकल्या वाकल्या, मान वर न करता ही किंचाळली. "रानाकडे पाह!"