जोडवी निघंनात म्हंजे स्वेलिंग

आम्ही सहा आशाताई मीटिंगला जमलो की कामाचं बोलणं पाच मिनिटांत संपतं आन् बाईंच्या क्लासचे किस्से सुरू होतात. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या पोटातून दुसरा निघतो!

बाई म्हंजे ढोकीत राहणाऱ्या, रिटायर झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका. ॲप इंग्रजीत, फॉर्म इंग्रजीत. आमची तारांबळ बघून त्यांनीच दर रविवारी ओसरीवर बोलावलं. फी न्हाय, अट एकच: "पाठ केलेला अर्थ चालणार न्हाय. शब्द इंग्रजी, अर्थ तुमच्या घरातला!"

*

पहिलाच शब्द 'नेबर'. आमच्यातली थोरली सखूताई म्हणाली, "आपल्या घरी काय शिजलंय ते आपल्या नवऱ्याआधी जिला कळतं, ती!"

बाईंनी फळ्यावर तसंच लिहिलं.

*

'पेशंट'चे अर्थ दोन: आजारी माणूस आन् धीर धरणारा. मंगल म्हणाली, "दोन कशाला बाई? दवाखान्याच्या लाइनीत बसलं की एकच व्हतंय!"

*

'रिमार्क्स' म्हंजे काय? "रकान्यात बसत न्हाय, पण सांगायलाच पायजे ते," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात एका गरोदर सुनेच्या फॉर्मवर सखूताईनं रिमार्क्समध्ये लिहिलं, 'पाण्याच्या घागरी हीच आणते.' फॉर्म तपासायला आलेल्या आमच्या सुपरवायझर मॅडमनी ते सासूसमोर मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी हापशावर घागर घेऊन कोण? नवरा!

*

ऊसतोडीच्या फडावर एक बाई आठ महिन्यांची गरोदर. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं अंधारी. मंगलनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई तामिळनाडूच्या, मराठी येईना. आन् घाबरून मंगलला 'स्वेलिंग' शब्दच आठवंना! आठवला तो क्लासात तिनं स्वतःच सांगितलेला अर्थ: पायातली जोडवी निघंनात!

"मॅडम, टो रिंग! टो रिंग नॉट कमिंग!"

 पलीकडून आवाज आला, "ब्रिंग हर. नाऊ!"

माय-लेकरू दोघं सुखरूप. मंगल मात्र घरी येऊन लई रडली.

*

परवा बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आम्ही सहाजणी भेटायला गेलो. डोळ्यावर पट्टी, वाचायला बंदी.

"आता दिवसभर काय करू गं मी?" बाई कुरकुरल्या.

सखूताई पलंगाजवळ बसली. "बाई, आज उलटं करू. शब्द आमी देतो, अर्थ तुम्ही सांगा."

"सांग."

"ग्रेटफुल."

  बाईंनी चाचपडत सखूताईचा हात घट्ट धरला.

"आधी स्पेलिंग सांग!"