झावळीचा गुलाब

मॅन्युएलनं व्हेराला विकत आणलेलं फूल कधी दिलं नाही. उत्तनच्या त्यांच्या वाड्यात तसली रीतच नव्हती. पण झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली माडाची कोवळी पाती हातात आली, की फादरांचं प्रवचन चालू असताना त्याची बोटं गुपचूप चालू लागत. फाटकी जाळी सांधणारी बोटं ती. मिस्सेची प्रार्थना संपेपर्यंत पातीचा छोटा गुलाब तयार व्हायचा. घरी परतताना तो न बोलता व्हेराच्या हातात यायचा, आणि व्हेरा तो भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवायची.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी गावातल्या सगळ्यांच्या सुकलेल्या पाती चर्चमध्ये परत जातात. त्या जाळून राख करतात आणि त्याच राखेनं कपाळावर क्रूस काढतात. व्हेराचा गुलाबही दर वर्षी जायचा. तिला वाईट वाटत नसे. काही आठवड्यांत नवा यायचाच.

मग मॅन्युएलच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोटं गेली, बोलणंही तुटक झालं. त्याच्या हातचा शेवटचा गुलाब व्हेरानं परत केला नाही. आशीर्वादाची वस्तू अडवून ठेवू नये, हे तिला कळत होतं. पाप असलं तर एवढं एक असू दे, असं तिनं ठरवलं. हे तिनं मॅन्युएललाही सांगितलं नव्हतं.

काही वर्षांनी व्हॅलेंटाइन डे नेमका राखेच्या बुधवारी आला. उपासाचा दिवस, म्हणून चर्चच्या तरुण मंडळींनी आपला सोहळा आधीच्या रविवारी ठेवला. पुढाकार व्हेराच्या सुनेचा. स्टेफनी मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमध्ये वाढलेली. बोलायला मोकळी, हाताला कामसू. घरात ओल्या कचऱ्याचं खत करायची रीत तिनंच आणली.

"प्लास्टिकमधले गुलाब नको, फुगे नको," ती सांगत होती. "पापा जाळं टाकायचे, त्यात फुगेच यायचे ना, मम्मी? ते चंदेरी, हार्टवाले?"

"यायचे तर," व्हेरा म्हणाली. "मासली थोडी आनि तुमचं प्रेमच जास्ती."

स्टेफनी मनापासून हसली.

शनिवारी व्हेरा सुके बोंबील घेऊन भाईंदर पश्चिमच्या बाजारात गेली होती. दुपारी परतली तेव्हा तसबीर जराशी तिरकी दिसली. टेबलावर हिरव्या पाती पसरलेल्या आणि स्टेफनीच्या हातात एक नवा, हिरवागार गुलाब.

"मम्मी, पापा एवढं भारी बनवायचे, तुम्ही बोलला पण नाहीत! मागे सापडलं. एकेक घडी उलगडून शिकले. तुटत होतं, पण जमलं शेवटी."

"आनि ते कुठं हाय?"

"ते तुकडे चर्चच्या पेटीत. तुम्ही द्यायचं विसरला असाल ना? आमच्या मंडळातला ॲशली आत्ताच सगळ्या जुन्या झावळ्या घेऊन गेला."

रागवावं तर सुनेनं चुकीचं काही केलं नव्हतं. जे व्हेरानं करायला हवं होतं तेच तिनं केलं होतं.

"बरं केलंस," व्हेरा म्हणाली आणि पायातल्या चपला न काढताच मागं फिरली.

चर्चच्या दाराशी पेटी काठोकाठ भरली होती. तिनं कोपरापर्यंत हात घातला. सगळं सुकं, पिवळं, एकसारखं. बोटांना कुरकुरीत तुकडे लागत होते. त्यातला कोणता कोणाच्या घरचा, हे देवालाच ठाऊक. मागून शेजारची फ्लेव्हिया आपल्या पाती घेऊन आली.

"काय शोधतेस गं? लवलेटर टाकलंस काय चुकून?"

"चावी पडली काय बघत व्हते," व्हेरा म्हणाली. चर्चच्या दारात ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

रविवारचा सोहळा छान झाला. जोडप्यांनी एकमेकांना झावळीचे गुलाब दिले. ही कला आपल्या सासऱ्यांची, असं स्टेफनीनं माईकवर सांगितलं आणि खुर्चीत बसवून आणलेल्या मॅन्युएलकडे बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅन्युएल अर्ध्या तोंडानं हसला. किती दिवसांनी हसला तो. व्हेरानंही टाळ्या वाजवल्या.

बुधवारी कपाळावर राख घेऊन ती घरी आली. आजाऱ्यांसाठी दिलेली राखेची पुडी मुठीत होती. मॅन्युएलनं कपाळ पुढं केलं. तिनं अंगठ्यानं क्रूस काढला आणि मग तिला राहवलं नाही.

"तुमचा शेवटचा गुलाब मी ठेवलेला. इतकी वर्सं. तो जालला त्यांनी."

मॅन्युएलला शब्द जुळवायला वेळ लागला. "ठेवलेलास? कशाला?" तो म्हणाला. "जालायचाच... असतो."

त्यात राग नव्हता, प्रेमही नव्हतं. साधी गोष्ट सांगावी तसं तो म्हणाला आणि खिडकीकडे बघू लागला.

स्टेफनी आत आली. तिच्याही कपाळावर राखेचा क्रूस होता. व्हेराची नजर त्यावर जरा जास्तच वेळ राहिली.

"मम्मी, हा तुमच्यासाठी. सगळ्यात चांगला झालेला." तिनं हिरवा गुलाब पुढं केला. "सुकला की सेम तसाच दिसेल."

व्हेरानं तो फिरवून पाहिला. घड्या बरोबर होत्या. मॅन्युएल शेवटची घडी थोडी सैल सोडायचा, ती मात्र इथे घट्ट आवळलेली होती.

"दिसेल," ती म्हणाली. "पन ह्याला आशीर्वाद न्हाय. हा राखेलाबी चालायचा न्हाय."

ती मोरीपाशी गेली, स्टेफनीच्या खताच्या डब्याचं झाकण उघडलं आणि भाजीच्या देठांवर तो गुलाब अलगद ठेवला.

"मम्मी..."

"फुकट काय जात न्हाय, तूच सांगतेस ना," व्हेरा म्हणाली आणि झाकण लावलं.