आमचं ऑनलाइन टेबल आणि पौर्णिमेचं उधाण

आमच्या किहीमच्या घरात चार शहाणीसुरती माणसं दर रविवारी टेबलाभोवती बसून राक्षस मारतात, हे गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. आम्ही पत्ते खेळतो असा शेजाऱ्यांचा समज होता आणि तो आम्ही मुद्दाम दूर केला नाही. शाळेत भूगोल शिकवणारी बाई सुट्टीच्या दिवशी तलवार घेऊन भुयारात शिरते, हे कुणाला सांगून पटणार?

हे खूळ घरात आणलं माझ्या धाकट्या भावाने. त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आम्ही नुसतं ‘गोष्ट’ म्हणायचो. एकाने सूत्रधार व्हायचं, म्हणजे गोष्टीतलं जग त्याचं आणि त्यातली भुतंखेतं, पहारेकरी, वाटसरू सगळे त्याचेच. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ‘आता मी दार उघडते’, ‘आता मी त्याला गोड बोलून फसवते’ असं सांगत पुढे जायचं. बेत साधला की फसला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. भाऊ सूत्रधार, आणि मी, माझा नवरा व थळची माझी मैत्रीण असे तिघं खेळणारे. नवरा बँकेत आहे. आठवडाभर नियमाने वागून तो इतका कंटाळतो की खेळात मांत्रिक होतो आणि कुणाचंच ऐकत नाही. मैत्रिणीचं घर मासळीच्या धंद्यातलं. बर्फापासून होडीच्या डिझेलपर्यंत सगळं तीच बघते. खेळात ती लढवय्यी आहे, आणि खेळाबाहेरही.

नकाशा जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर काढायचा आणि सोंगट्या म्हणून आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या मांडायच्या. पूजेत सुपारीचा गणपती चालतो, मग खेळात सुपारीचा राक्षस चालायला काय हरकत आहे? पण खरी मजा भावाच्या तोंडात होती. एका बैठकीत तो खोकणारा राजा व्हायचा, तिरसट खानावळवाली व्हायचा, आणि पुलाखालचं भूत होऊन माझ्या नवऱ्याकडे कर्जाची चौकशी करायचा. जेवतानाही त्याची बडबड थांबायची नाही. “अरे, घास तरी गिळ,” असं त्याला लहानपणापासून सांगावं लागलं आहे.

मग त्याला फिनलंडमध्ये नोकरी लागली. समुद्राकाठचं छोटं शहर, संगणकाचं काम, पगार उत्तम. आम्ही पेढे वाटले, मांडव्याच्या जेट्टीवर त्याला बोटीत बसवलं आणि हसत हात हलवले. पहिले काही दिवस त्याचे भरभरून फोन आले. हळूहळू ते आटले आणि नंतर त्यांचा नुसता चोथा उरला.

“जेवलास?”

“हो.”

“थंडी आहे का रे?”

“आहे.”

“कामाचं काय?”

“चाललंय.”

आजारी आहेस का विचारलं तर नाही. कुणी त्रास देतं का, तर नाही. परत यायचंय का, तर तेही नाही. मला पोलिसात जाऊन तक्रार द्यावीशी वाटायची, की माझा भाऊ हरवलाय, फोन उचलतो पण आत तो नसतो. तो लांब राहिला असता तरी माझी काही तक्रार नव्हती. पण तो असा मुका होत चालला होता, ते मला सहन होत नव्हतं. मला त्याची बडबड परत हवी होती, एवढंच.

मी त्याला म्हटलं, आपण ऑनलाइन खेळू, तू सूत्रधार हो. तो म्हणाला, “नंतर बघू, ताई.” हे ‘नंतर बघू’ मी रोज वर्गात ऐकते आणि त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. म्हणून मी ठरवलं की सूत्रधार मीच होणार.

या खेळासाठी संगणकावर मांडायचं टेबल मिळतं. त्यात फुकट खातं उघडायचं, आपली एक खोली करायची, तिची लिंक बाकीच्यांना पाठवायची. मग सगळ्यांच्या पडद्यावर एकच नकाशा दिसतो, सोंगट्या माऊसने सरकतात आणि फासे आपोआप गडगडतात. वाचायला सोपं वाटलं. पहिलीच लिंक मी चुकून महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकली. शेजारच्या काकू ‘पाहुणा’ म्हणून आत आल्या, त्यांनी माझा राक्षस उचलून नकाशाच्या बाहेर ठेवला आणि ‘छान आहे, हळदीकुंकवाला ठेवू या’ असं लिहून निघून गेल्या.

सोंगट्यांची तयार चित्रं होती, पण त्यातले वीर सगळे सोनेरी केसांचे. मी आमच्या सुपाऱ्यांचेच फोटो काढून चढवले. गोल सुपारी त्या गोल चौकटीत अशी बसली, की जणू तिच्यासाठीच केली होती. त्यानंतर नवरा आणि मैत्रीण यांना घेऊन रंगीत तालीम केली. नकाशाला थर असतात, एक सगळ्यांना दिसणारा आणि एक फक्त सूत्रधाराला, हे मला तोवर उमगलं नव्हतं. मी आवाज खोल काढून म्हणाले, “खोलीत चिटपाखरू नाही...” त्यावर नवरा शांतपणे म्हणाला, “त्या पेटाऱ्यामागे तिघं बसलेत, ते कोण?”

अद्दल घडल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. नकाशावर धुकं पसरायची सोय असते. पात्रं जसजशी पुढे जातात तसतसं ते विरतं. मी सगळीकडे एकसारखं दाट धुकं पसरलं आणि पात्रांच्या हातात मशाली द्यायला विसरले. सगळ्यांचे पडदे काळेकुट्ट झाले. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला, “बाय, तुमच्याकडं लाईट हाय का? आमच्याकडं सगला कालोख झालाय.” नवरा तर इन्व्हर्टर बघायला उठून गेलाही. डोक्यावर पंखा गरगरत होता, पण पडदा काळा झाला की लाईट गेले, हे आमच्याकडे अंगवळणीच पडलं आहे.

शेवटी रविवारी संध्याकाळची वेळ ठरली. शनिवार-रविवार आमच्याकडचं नेट सुट्टीला आलेल्या मुंबईकरांचं असतं. ते मांडव्याची बोट गाठायला निघाले, की मग ते आमच्या वाट्याला येतं.

भाऊ आला. कॅमेरा बंद, माईक बंद. पात्र कोणतं घेतलंस असं विचारल्यावर त्याने लिहून कळवलं, ‘मुका शिकारी’. मला आधी हसू आलं. पण त्या पठ्ठ्याने अख्खा खेळ तसाच काढला. मैत्रीण दोन लांडग्यांना भिडली, नवऱ्याने मंत्र चुकून स्वतःचीच दाढी पेटवली, आणि भाऊ आपला दर वेळी लिहितोय, ‘मान हलवतो.’ पुन्हा, ‘मान हलवतो.’ माझा पारा चढला.

“इतक्या लांबून मान हलवायला येतोस?” मी ओरडले. “नंदीबैल आहेस का?”

‘सॉरी ताई’ असं लिहून तो निघून गेला.

मी लॅपटॉप आपटून बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन खोबरं खवायला बसले. नवरा दारात येऊन म्हणाला, “पोरगं आलं होतं, तू हाकलून लावलंस.” ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मी रडले, अगदी मोठ्याने रडले. मग मैत्रिणीला फोन लावला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “आला ना पन तो? मासा गलाला तोंड लावून गेला, म्हंजे तिथंच कुठं हाय. तू फकस्त दोरी हिसकू नको.”

पुढच्या रविवारी मी जीव ओतून नकाशा केला. वाळूचा किनारा, समोर पाण्यात किल्ला, मधे सोंगट्या सरकवायचे चौकोनच चौकोन. अंधाराची धास्ती घेतली होती, म्हणून गोष्टीत भर दुपारचे बारा वाजवले. दोरी हिसकायची नाही असं मनाला बजावलं. भाऊ आला, पुन्हा मुका शिकारी होऊनच. मी म्हटलं, “किल्ल्यात खजिना आहे. चालत निघा.”

कुणीच हललं नाही. मला वाटलं, नेट अडकलं.

“निघा ना.”

“तिथी कंची हाय?” मैत्रिणीने विचारलं.

मी पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या चाळल्या. उजेड, वारा, पाऊस, भिंती, दारांची कुलपं, सगळ्याची सोय होती. तिथीची नव्हती. आता काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून मी कानाला बरं वाटेल ते सांगितलं, “पौर्णिमा.”

नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. असल्या किल्ल्यात फक्त ओहोटीलाच चालत जाता येतं, हे आमच्या किनाऱ्यावर कुणाला शिकवावं लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या सुमाराला पाणी तुडुंब, आणि तेही पौर्णिमेचं उधाण. जन्म किहीमचा, पोटापाण्याचा विषय भूगोल, आणि मी तिघांना भर उधाणात चालत किल्ल्यात पाठवत होते.

तेवढ्यात खरखर झाली.

“ताई,” भावाचा आवाज आला, “पौर्णिमेला? बारा वाजता? आम्हाला काय बुडवायला काढलंयस?”

आम्ही तिघंही दचकलो. नवरा आधी सावरला. “अरे, तू मुका आहेस!”

“भावोजी, उधाणात ढकललं तर मुकासुद्धा बोलेल.”

मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मी भांडायला लागले. “सूत्रधार सांगेल ते खरं. पाणी घोट्याएवढंच आहे.”

“पौर्निमेला घोट्याएवढा?” मैत्रीण कडाडली. “सूत्रधार हायेस, देव न्हायेस!”

नवऱ्याने उडण्याचा मंत्र टाकून पाहिला, फाशावर एक पडला आणि मांत्रिक वाळूत तोंडावर आपटला. भाऊ हसला. किती तरी दिवसांनी ते हसणं ऐकलं. मग त्याने आपली सुपारी सरकवत बाकीच्यांच्या शेजारी आणून ठेवली आणि म्हणाला, “बसा सगळे सुरूच्या झाडांच्या सावलीत. पाणी उतरेपर्यंत कुणी हलायचं नाही.”

आम्ही बसलो. म्हणजे पडद्यावर सुपाऱ्या बसल्या. बसल्या बसल्या मैत्रिणीने सहज विचारलं, “तुझ्या तिकडं आता काय हाय रे? भरती का ओहोटी?”

त्याने आपली सुपारी किनाऱ्याच्या पार टोकाला नेली. मला वाटलं, गेला परत.

“इथं नसतेच गं,” तो म्हणाला.

“काय नसते?”

“भरती. ओहोटीही नाही. माझ्या खिडकीतून समुद्र दिसतो ना, तो सकाळी जिथं असतो तिथंच रात्रीही असतो. मी आल्यापासून बघतोय. जागचा हलत नाही.”

चहूबाजूंनी जमीन आणि बाहेर पडायला अरुंद वाट असलेल्या समुद्राला भरती-ओहोटी जेमतेमच असते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. त्याच समुद्राकाठी माझा भाऊ राहायला गेलाय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

“घरी कसं, उठलं की आधी कळतं, पाणी कुठं आहे ते,” तो बोलत होता. “कालच्यापेक्षा काहीतरी वेगळं असतं. इथं उठतो आणि काही झालेलंच नसतं. इतके महिने मला वाटत होतं, ताई, माझंच काहीतरी बिघडलंय.”

मग मैत्रीण म्हणाली, “असला कसला मेला दर्या तो!” आणि तो इतका हसला की हसता हसता त्याचा आवाज ओला झाला. मी माझा माईक बंद केला. मला रडू आवरत नव्हतं, आणि ते त्याने ऐकायला नको होतं.

त्यानंतर त्याच्या तोंडाला खळ नव्हती. कार्यालयात माणसं शेजारी बसून अख्खं जेवण एक शब्दही न बोलता कशी संपवतात. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई त्याला जिन्यात बघून आधी घाबरायच्या आणि आता कुत्र्याशी त्याच्याबद्दल काय बोलतात. तिथल्या सूपला मीठ नाही, बर्फावर तो कसा उताणा पडला, पडल्यावर आपण मराठीतच कसे ओरडलो. आजीबाईंचा आवाज त्याने काढला, मग कुत्र्याचाही काढला. नवरा डोळे पुसत हसत होता. पलीकडे मैत्रिणीच्या घरातली माणसंही ऐकायला गोळा झालेली दिसत होती.

बऱ्याच वेळाने नवऱ्याने मला गुपचूप लिहिलं, ‘अगं, गोष्टीत सहा वाजले असतील. पाणी केव्हाच उतरलं की.’

मी उत्तर दिलं, ‘अजून नाही.’

पाणी उतरलं हे सांगायचं काम सूत्रधाराचं असतं. भाऊ बोलत होता तोवर मी ते सांगितलंच नाही.