दोन तृतीया

छापखान्यात त्याला सगळे भिंगकाका म्हणत. तीस वर्षं त्याने शाळेची पुस्तकं तपासली, पण एक काना-मात्रा त्याच्या तावडीतून सुटली नाही. त्याचा त्याला भारी गर्व होता, आणि गर्विष्ठ माणसाला कुणाला काही विचारायचं म्हणजे जिवावर येतं. घोडं पेंड खातं ते इथेच.

यंदा मालकाने प्रथमच तिथींचं कॅलेंडर काढलं आणि तपासायला त्याच्याकडे दिलं. एका पंधरवड्यात लागोपाठ दोन दिवस तृतीया दिसली. पुढे द्वादशीनंतर एकदम चतुर्दशी. एक तिथी जास्त, एक कमी! भिंगकाका गालातल्या गालात हसला. त्याने दुसऱ्या तृतीयेची चतुर्थी केली, पुढच्या तिथी एकेक दिवस अलीकडे ओढल्या, आणि राहिलेली त्रयोदशी रिकाम्या जागी चपखल बसली. स्वतःची पाठ थोपटून त्याने पान छपाईला सोडलं.

कॅलेंडर घरोघरी लागलं. तो पंधरवडा आला आणि आज सकाळी तिथींचं गणित करणाऱ्या गुरुजींचा फोन आला.

"अहो, सूर्य उगवताना जी तिथी, ती त्या दिवसाची. लांबलेल्या तिथीला दोन सूर्योदय मिळतात, आखूड तिथीला एकही नाही. मी काय डुलक्या काढत दोन तृतीया लिहिल्या? एक फोन करायचा होता!"

मालक "होतं असं" एवढंच म्हणाला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंगकाकाला तोंड लपवायला जागा उरली नाही. दहा दिवस चुकले होते, आणि त्यात नवमी होती.

ह्याच नवमीला त्याचे वडील गेले. दरवर्षी त्या दिवशी आई अन्नाला शिवत नसे, फोटोपाशी बसून राही. काल ती लेकाच्या कॅलेंडरवर भरवसा ठेवून उपाशी राहिली होती. खरी नवमी आज होती.

सांगावं तर ऐंशीची म्हातारी पुन्हा उपाशी. न सांगावं तर तिला कळणारही नाही. वाटभर हा दुसरा विचार त्याला गोड वाटत राहिला, आणि तो गोड वाटतोय ह्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

तो घरी पोचला तेव्हा आई दुपारचं ताट घेऊन नुकती बसत होती.

"आई, थांब. नवमी आज आहे. काल नव्हती. माझ्यामुळे चुकलं."

आईचा हात ताटावरच थांबला.

"तरीच," ती म्हणाली. "काल संध्याकाळी खिडकीतून बघितलं, तर चंद्र नेमका अर्धा. नवमीला जरा फुगलेला असतो रे. पण म्हटलं, हे माझ्या लेकाने तपासलंय. आपलेच डोळे गेले असतील."

भिंगकाकाची मान वर होईना. आईने ताट हळूच त्याच्यापुढे सरकवलं.

"तू जेव. सकाळपासून उपाशी असशील," म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून फोटोपाशी जायला उठली.