सोळा टीबीची मर्यादा आणि घरतकाकांचे दोन तास

साडेदहाला सर्व्हरने मला तिसऱ्यांदा नाही म्हटलं. डिस्क फार मोठी आहे, बत्तीस बिटांत मावत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डातल्या सर्व्हर रूममध्ये मी उकिडवा बसलो होतो. पनवेलच्या आमच्या छोट्या कंपनीने या यार्डाला कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी वीस टीबीचं स्टोरेज विकलं होतं. ते चालू करून देणं माझं काम. २०१० च्या आसपासची ही गोष्ट.

दाराबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घरतकाका बसले होते. गेटवरचे जुने वॉचमन, सध्या सस्पेंड. महिन्यापूर्वी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान एका कंटेनरमधून माल गेला होता, आणि काकांनीच गेट सोडून त्यात हात घातला असा आरोप होता. काका म्हणत, मी गेटवरून हललोच नाही. गेटच्या कॅमेऱ्यात ते दिसलं असतं. पण महिनाभर ते कोणी काढून बघितलं नव्हतं, आणि जुन्या मशीनवर जेमतेम तीस दिवस मावायचे. नवा तास सुरू झाला की महिन्यापूर्वीचा तोच तास पुसून जागा व्हायची. आज दुपारी काकांच्या तासांची पाळी होती, आणि रेकॉर्डिंग थांबवायची परवानगी नव्हती.

"नवं चालू करा, जुनं सगळं त्यावर घ्या. दोनच्या आत," सिक्युरिटी मॅनेजर म्हणाले होते.

"होऊन जाईल," मी म्हणालो. तेव्हा मी अशी वाक्यं फार सहज बोलायचो.

अडचण साधी होती. फाइल सिस्टम म्हणजे डिस्कवर कुठे काय ठेवलंय ते सांभाळणारी व्यवस्था. ती डिस्कचे चार-चार केबीचे तुकडे करते आणि प्रत्येकाला नंबर देते. आमच्या लिनक्समधला फॉरमॅट करणारा प्रोग्राम नंबरासाठी बत्तीसच बिट वापरायचा. फॉर्मवर ठरावीक चौकटी असतात, तसं. सोळा टीबीला नंबर संपायचे. फाइल सिस्टम स्वतः कागदावर याहून कितीतरी मोठी होऊ शकत होती, पण तिचा प्रोग्राम मागे राहिला होता. कागदावर काय, सगळंच होतं.

मी ऑफिसला फोन लावला.

"सर, दहा-दहाचे दोन भाग करतो. अर्ध्या तासात होतं."

"अरे, कोटेशनमध्ये सिंगल व्हॉल्यूम लिहिलंय. क्लायंटला एकच ड्राइव्ह दिसला पाहिजे. वाढवून बघ ना."

मग पंधराचा भाग करून वाढवून बघितला. फॉरमॅटलाच पाऊण तास गेला, आणि सोळापुढे तो जाईना. दुसऱ्या जातीची फाइल सिस्टम चालली असती, पण तिचं पॅकेज ऑफिसात आणि यार्डात इंटरनेट नाही. सीडी घेऊन निघालेला आमचा माणूस ट्रेलरच्या रांगेत अडकला. मी पुन्हा त्याच त्याच कमांड देत बसलो. दोन वाजून गेले ते मला कळलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर तोवर मी काकांना विसरलो होतो. माझं भांडण त्या आकड्याशी चाललं होतं.

अडीचला काका दारात आले. चपला बाहेर काढून.

"साहेब, एक इचारू? माझ्या दोन तासांना येवरी जागा लागते का?"

मी मान वर केली. "नाही काका."

"मग किती?"

एका कॅमेऱ्याचे दोन तास. माझ्या लॅपटॉपवर आरामात बसले असते. सकाळी आल्या आल्या, पाच मिनिटांत.

मी धावत जुन्या मशीनकडे गेलो. दोन ते तीन पुसलं गेलं होतं. तीन ते चार शिल्लक होतं. ते मी तीनला दहा कमी असताना कॉपी केलं. त्यात काका गेटवरच होते. रजिस्टर भरताना, ट्रेलरवाल्यांवर ओरडताना, एकदा डबा उघडून बंद करताना.

"हाय ना मी?" ते मागून म्हणाले.

"आहात."

संध्याकाळी मी कोणाला न विचारता दोन भाग करून टाकले. क्लायंटने सही केली, दोन ड्राइव्हबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

चौकशी करणाऱ्यांनी पहिल्या तासाचं विचारलंच. तो नव्हता. आरोप सिद्ध झाला नाही, असं लिहिलं गेलं. निर्दोष असं नाही. नोकरी राहिली, पण गेट गेलं. काकांना मागच्या शेडवर टाकलं. यार्डाखाली त्यांचं मिठागर गेलं होतं, त्या बदल्यात ही नोकरी. गावात लोक अजून विचारतात, असं ते मला नंतर एकदा म्हणाले. वर माझे आभारही मानले, तुमच्यामुळं वाचलो म्हणून.

तेव्हापासून मी क्लायंटला किती जागा हवी हे नंतर विचारतो. आधी काय वाचवायचंय ते विचारतो. माझ्या इन्स्टॉलेशन रिपोर्टमध्ये सोळा टीबीच्या मर्यादेवर एक अख्खा परिच्छेद आहे. मी साडेनऊला पोचलो तेव्हा दोन्ही तास मशीनवर होते, हे त्यात नाही. काकांनाही मी ते सांगितलेलं नाही.