आर्डिसच्या खुर्चीपुरती सावली

व्हर्लिनचं आयुष्य गवत कापायची यंत्रं विकण्यात गेलं होतं, त्यामुळे अंगणातलं सगळं आपल्याला कळतं, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

अमेरिकेतल्या आयोवाच्या उन्हाळ्यात त्यांच्या घराची पश्चिमेकडची बाजू भाजून निघायची. बायको, आर्डिस, तिथेच शेंगा निवडायला बसायची. तिला वर पत्र्याचं छप्पर हवं होतं. व्हर्लिनने आणला संकरित ओक.

"दोन जातींचा मेळ आहे. साध्या ओकापेक्षा भराभर वाढतो, आणि सावली केवढी!"

"तुझं वय विचारलं का रोपवाटिकेवाल्याने?"

ओक काही वाढेना. सहाव्या वर्षी आर्डिसने निर्वाणीचं सांगितलं, "या उन्हाळ्यात गॅरेजच्या वळचणीपर्यंत पोचला नाही, तर छप्पर."

व्हर्लिनने लाडात कसूर केली नव्हती. गल्लीतले सगळेच दर वसंतात, मातीत ओल टिकावी म्हणून, झाडांच्या बुंध्यांशी लाकडाच्या ढलप्यांचे ढीग रचत. त्याचा ढीग सर्वांत उंच, सर्वांत रेखीव. शेजारचा डेल्मर एकदा म्हणाला, "व्हर्लिन, वारुळातून झाड उगवलंय का रे?" व्हर्लिनने ते कौतुक समजून आणखी दोन पोती ओतली.

जुलै संपत आला तरी वळचण हातभर उंचच राहिली. आर्डिसने छप्परवाल्याला बोलावलं. तो यायच्या आदल्या दिवशी वाऱ्याने कललेलं झाड सरळ करायला व्हर्लिन गेला, तर बुंधा पडायला आलेल्या दातासारखा हलला. त्याने ढिगात हात घातला. आत ओला, कुजका वास. साल मऊ पडलेली. ढलप्यांत वर चढलेलं एक मूळ बुंध्याला पट्ट्यासारखं आवळून बसलेलं. इतकी वर्षं तो प्रेमाने झाडाचा गळा दाबत होता, आणि वर गल्लीत मिरवतही होता.

तो गुडघ्यांवर बसून ढीग उपसू लागला.

"काय शोधतोयस?" आर्डिसने विचारलं.

"माझी अक्कल."

"मग खोल खण."

पण तिने करवत आणून दिली. मूळ कापलं, बुंधा मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी छप्परवाल्याला तिने दारातूनच परत पाठवलं. "दोन वर्षांनी या. झाड मारणारा सापडलाय."

दोन वर्षांनी ओक वळचणीच्या वर गेला. सावली बरोबर एका खुर्चीपुरती पडली. आर्डिस तीत बसली. व्हर्लिनने शेजारी आपली खुर्ची उन्हात मांडली, टोपी पुढे ओढली आणि निमूटपणे शेंगा निवडायला घेतल्या.