बापटचा पासपोर्ट आणि हातावरचं दही

भित्र्या माणसाजवळ किस्से जास्त साठतात. शूर माणूस उतार उतरतो, पाणी पितो आणि विसरून जातो. आमच्यासारख्याला मात्र वाटेतला प्रत्येक दगड वर्षानुवर्षं आठवत राहतो. माझी बायको मंजिरी म्हणते, "शिरीष, तू सायकल चालवलीस कमी आणि घाबरलास जास्त!" खरं आहे. म्हणून तर सांगायला मी बसलोय.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आम्ही अमेरिकेत बॉथेलला होतो. वर्क व्हिसावर आलेली सॉफ्टवेअरवाली मंडळी, वीकेंडला करायचं काय हा प्रश्न, आणि गावाबाहेर पडलं की सगळीकडे जंगल आणि डोंगर. त्यातून आमचं 'पडझड मंडळ' निघालं. मेंबर चौघं. मी नागपूरचा, मंजिरी पुण्याची, माझ्या ऑफिसातला डोंबिवलीचा अविनाश बापट, आणि नील जोशी. नीलचा जन्म इथलाच. डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं सोडून तो सायकलच्या दुकानात मेकॅनिक झाला होता. मराठी त्याला सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत.

कॉलेजात असताना नील एक सेमिस्टर स्पेनला राहिला होता आणि तिथल्या डोंगरांत सायकल हाणून आला होता. तिथल्या वाटांचा भलामोठा नकाशा त्याने दुकानाच्या भिंतीवर लावला होता. एकामागून एक बुटक्या टेकड्या, ओक आणि चेस्टनटची जंगलं, मधूनच एखादं दगडी घरांचं गाव. नकाशावर बोट फिरवत तो म्हणायचा, "रोलिंग हिल्स, काका. नो क्लिफ्स. यू विल लव्ह इट!" त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'काका' ऐकलं तेव्हाच माझा अर्धा जीव गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यांनी स्पेनला जायचं ठरलं आणि इथल्या डोंगरांत आमची प्रॅक्टिस सुरू झाली.

*

शनिवारी सकाळी आम्ही निघायचो ते नीलच्या आईवडिलांच्या घरून, कारण सायकली मावतील अशी व्हॅन त्यांची. जोशीकाकू दारात दह्याची वाटी घेऊन उभ्या असायच्या. प्रत्येकाच्या तळहातावर दही-साखर ठेवल्याशिवाय व्हॅनचं दार उघडायचं नाही, असा नियमच होता.

"काकू, आम्ही काय परीक्षेला चाललोय का?" मी एकदा विचारलं.

"परीक्षेला गेलेला निदान संध्याकाळी धड घरी येतो!" काकू म्हणाल्या.

नील घरातून निघतानाच हातात ग्लव्ह चढवून यायचा. ते घट्ट असायचे आणि काढायचा त्याला भारी कंटाळा. "आई, इट्स जस्ट योगर्ट," तो म्हणायचा.

"मग खायला काय होतंय? ग्लव्ह काढ."

तो ग्लव्ह काढायचा, दही चाटायचा, पुन्हा ग्लव्ह चढवायचा. एकुलता एक मुलगा. काकूंना त्याच्या सायकलीची भयंकर धास्ती होती आणि ती त्या लपवतही नसत. व्हॅन वळणाआड जाईपर्यंत त्या दारातच उभ्या दिसायच्या.

*

आता बापट. चढावर हा माणूस आमच्या सगळ्यांच्या पुढे. पण उतार आला की खाली उतरणार आणि सायकल हाताने धरून चालत येणार! जरा निसरडं दिसलं तर दोन्ही ब्रेक दाबून आडवा आडवा चालणार. आम्ही खाली पोचून सँडविच संपवलं तरी बापट अजून झाडांत.

मी विचारलं, "बापट, एवढं काय घाबरतोस यार? मीसुद्धा उतरलो!"

त्याने शांतपणे हिशेब मांडला. "हे बघ. पडलो. पाय मोडला. ऑफिस बुडलं. प्रोजेक्ट बोंबललं. नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला. तुला हा उतार पार्किंगला जाताना दिसतो. मला तो थेट डोंबिवलीला जाताना दिसतो!"

हसलो खरा, पण त्यानंतर कितीतरी दिवस प्रत्येक उतारावर मलाही डोंबिवली दिसायला लागली.

*

मला स्वतःला अस्वलांची भीती. जंगलात सायकलला घुंगरू बांधतात, आवाजाने अस्वल लांब राहतं, असं कुणीतरी सांगितलं. दुकानातलं घुंगरू मला फारच नाजूक वाटलं. मी देवघरातली पितळी घंटा हँडलला बांधली!

पहिल्याच दिवशी एका वळणावर अस्वल समोर. चांगलं थोरलं, काळंभोर, वाटेच्या कडेला बसून रानातल्या बेरी खात होतं. आम्ही चौघंही जागच्या जागी. "डोन्ट रन," नील दबक्या आवाजात म्हणाला. पळणार कसले! बापटने छातीवर दोन्ही हात दाबून धरले होते. माझा हात हँडलवर असा काही थरथरत होता की घंटा वाजायची थांबेना. अस्वलाने मान वर केली आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठलं आणि सावकाश झाडीत निघून गेलं.

मंजिरी म्हणाली, "बिचारं प्रसादाची वाट बघत थांबलं होतं."

*

बापटने छातीवर हात का धरले होते, ते पुढच्या महिन्यात कळलं. जंगलाच्या वाटेवर मागून रेंजरची गाडी आली आणि रेंजरने आम्हाला हात करून थांबवलं. ते दिवसच असे होते, की युनिफॉर्म दिसला की आमच्या मंडळींना आधी व्हिसा आठवायचा. रेंजर गाडीतून उतरायच्या आतच बापटने जर्सीत हात घातला आणि गळ्यातला पाऊच बाहेर काढला. त्यात झिपलॉकची पिशवी, तिच्यात पासपोर्ट, व्हिसाचे कागद, ऑफिसचं पत्र. गडी हे सगळं गळ्यात बांधून डोंगर चढत होता!

त्याने पासपोर्ट पुढे केला. रेंजरने बघायला म्हणून हात लावला, तर बापट सोडेना. एक टोक रेंजरच्या हातात, दुसरं बापटच्या.

"सर," रेंजर म्हणाला, "मी फक्त सांगायला आलो, की पुढच्या ओढ्यापाशी आज सकाळी कूगर दिसलाय."

कूगर म्हणजे इथला बिबट्याच म्हणा. आमचे चेहरे पांढरे पडले. बापटने मात्र हुश्श केलं, पासपोर्ट परत आत सारला आणि म्हणाला, "ओह, ओन्ली कूगर! थँक गॉड!"

*

स्पेनचं जमवायची वेळ आली तेव्हा नीलने सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. व्हिसासाठी ते एकत्र पाठवायचे होते. आम्ही दोघांनी दिले. बापटने नकाशापुढे उभं राहून त्या ओकच्या जंगलांकडे, त्या गावांकडे पोटभर बघून घेतलं आणि मान हलवली.

"मी नाही येत."

"का रे?"

"पासपोर्ट मी कुणाच्या हातात देत नाही. तो माझ्याकडे नसला की मला श्वास घेता येत नाही."

नील म्हणाला, "काका, इट्स मी! डोन्ट यू ट्रस्ट मी?"

"तुझ्यावर आहे रे विश्वास," बापट म्हणाला. "पोस्टावर नाही, विमानावर नाही, माझ्या नशिबावर तर मुळीच नाही." नील हसला नाही. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

*

ऑक्टोबरचा शनिवार. नील आदल्या रात्री मित्राकडे राहिला होता, म्हणून तो परस्पर डोंगराच्या पायथ्याशी आला. अर्ध्या चढावर मंजिरीचा टायर फाटला. आम्ही दोघं चालत खाली आलो आणि पार्किंगमध्ये थांबलो. नील आणि बापट पुढे गेले.

मग धुकं उतरलं. यायची वेळ टळली, तरी कुणी येईना. फोनला सिग्नल नाही. मंजिरी एरवी मला चिडवायची, पण त्या दिवशी तीही सारखं घड्याळ बघत होती. मला भीती वाटत होती. नेहमीची, हसून सांगता येईल अशी नाही. 'कुणी वर जायचं' हे दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघत नव्हतं.

तेवढ्यात झाडीत खडखडाट झाला. जी वाट नीलसुद्धा कोरड्या दिवसांतच उतरायचा, त्या वाटेने धुक्यातून एक सायकल खाली आली आणि आमच्या व्हॅनवर आदळूनच थांबली. बापट! चिखलाने माखलेला, हनुवटी फुटलेली, एक गुडघा टम्म.

"नील पडलाय. मांडीचं हाड. शुद्धीवर आहे. फोन कुठे लागेल?"

मंजिरीने व्हॅन काढली आणि सिग्नल मिळेपर्यंत हायवेकडे पळवली. मी बापटची हनुवटी पुसायला घेतली. जर्सीचा गळा फाटला होता. आत पाऊच नव्हता.

"बापट, तुझा पासपोर्ट?"

"वर आहे."

"पडला?"

"दिला." तो जमिनीकडे बघत होता. "माझी बाही सोडत नव्हता रे तो. डोन्ट लीव्ह मी, काका, डोन्ट लीव्ह मी. मी म्हटलं, येतो परत. त्याला खरंच वाटेना. मग काय करणार?"

रेस्क्यूवाले आले, वाट विचारून वर गेले. बापट त्यांच्याबरोबर निघाला, पण गुडघा बघून त्यांनी त्याला बसवलं. मागोमाग जोशीकाका-काकू आले. काकूंच्या पायात घरातल्या सपाता आणि हातात स्टीलचा डबा. "आज दही न खाता गेला," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

रेस्क्यूतली एक बाई रेडिओ घेऊन आमच्याजवळ थांबली होती. खूप वेळाने रेडिओ खरखरला. "वी हॅव द पेशंट. कॉन्शस." काकूंनी माझा दंड धरला. मग आवाज आला, "आयडी सेज अविनाश बापट."

काकूंचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे? अविनाश तर हा इथे बसलाय! मग माझा नील कुठाय?"

रेडिओवरच्या माणसाने बटण दाबूनच ठेवलं असावं, कारण त्याचं पुढचं बोलणंही आम्हाला ऐकू येत होतं. "सर, धिस फोटो इज नॉट यू."

आणि मग नीलचा आवाज. क्षीण, पण त्याचाच.

"नो. दॅट्स द गाय हू इज कमिंग बॅक."

बापट उठला. हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि लंगडत वाटेकडे निघाला.

"सर," ती बाई म्हणाली, "दे आर ब्रिंगिंग हिम डाउन."

"आय नो," बापट म्हणाला. "बट माय पासपोर्ट इज देअर."

ती त्याला अडवायला पुढे झाली, पण काकू तिच्याआधी पोचल्या होत्या. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

"थांब, अविनाश. ग्लव्ह काढ."